डिप्लोमावाल्यानं संध्याकाळची डिग्री करावी की आयआयटीच्या नावाचं सर्टिफिकेट?

ओतकामवाला | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, सल्ला हवाय. जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

वय ३४. कोल्हापूरच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकचा डीएमई, म्हणजे मेकॅनिकलचा डिप्लोमा, २०१० पासआऊट. पहिली पाच वर्षं शिरोलीत एका फाउंड्रीच्या मोल्डिंग लाइनवर काढली, नंतरची दहा गोकुळ शिरगावला. आता क्वालिटीला सीनियर इंजिनिअर. पगार बरा, घर स्वतःचं, मुलगी दुसरीत. तक्रार करावी असं काही नव्हतं.

गेल्या महिन्यात क्यूएच्या दारावरचा ऑर्गनायझेशन चार्ट बदलला. लॅमिनेशन केलेला कोरा करकरीत कागद, आणि माझ्या चौकटीच्या वर आणखी एक चौकट. पुण्याच्या मोठ्या कॉलेजचा बीई, अनुभव चार वर्षं. पोरगा स्वभावानं चांगला आहे. चार दिवसांनी एका लॉटला ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमध्ये गॅसची भोकं, निघाले. सँड लॅबमध्ये येऊन हळूच विचारतोय, "सर, परमिएबिलिटी पडली, वाळूतून गॅस जाईना, तर आधी मॉइश्चर बघायचं की फाइन्स, बारीक भुकटी?" मी वाळू मुठीत दाबून दाखवली, गोळा मोडल्यावर कड कशी राहते ते दाखवलं, मग मीटर लावला. संध्याकाळी कस्टमरला दोषाचं कारण आणि उपाय सांगणारा एट-डी रिपोर्ट गेला तो त्याच्या सहीनं. त्याचा राग नाही. पण त्यानं मला 'सर' म्हटलं तेच जास्त लागलं.

तर आता दोन वाटा दिसतात.

पहिली, नोकरी करणाऱ्यांसाठीचं संध्याकाळचं बीटेक. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तीन वर्षं. कॉलेज घरापासून चौदा किलोमीटर. जिल्ह्याबाहेर त्याचं नाव कुणाला सांगितलं तर 'हे कुठं आलं?' म्हणतील.

दुसरी, एका आयआयटीचा ऑपरेशन्स आणि क्वालिटीचा सर्टिफिकेट कोर्स. दहा महिने, शनिवार-रविवार ऑनलाइन, शेवटी दोन दिवस कॅम्पसवर. फी एक लाख नव्वद हजार अधिक जीएसटी. आमचे प्लँट हेड म्हणतात, आयआयटीचं नाव लागलं की पुढचं कुणी विचारत नाही. मेहुणा म्हणतो डिग्री ती डिग्री.

तीन वर्षं की दहा महिने, हाही प्रश्न आहेच. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

बावडेकर | रविवार, रात्री ११.०५

भावा, आयआयटीचं सर्टिफिकेट म्हंजे पन्हाळ्यावर जाऊन फोटो काढल्यागत हाय. फोटो भारी येतोय, पर किल्ला काय आपल्या नावावर हुईत न्हाई.

खतावणी | सोमवार, सकाळी ७.५०

माझा धंदा हिशेबाचा, फाउंड्रीतलं काही कळत नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, फीच्या शेवटी. 'अधिक जीएसटी'.

कायद्यानं मान्य असलेली पात्रता देणाऱ्या अभ्यासक्रमाच्या फीला जीएसटी माफ असतो. बीटेकच्या पावतीवर तो दिसणार नाही. सर्टिफिकेट कोर्सला १८ टक्के लागतो, म्हणजे तुमच्या १,९०,००० वर ३४,२०० रुपये. संस्था तीच आयआयटी असली तरी. सरकारच्या लेखी एक शिक्षण आहे आणि दुसरी सेवा. कोर्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. विकत काय घेताय ते पावतीवर लिहिलेलं असतं, एवढंच.

जुना_एएमआयई | सोमवार, सकाळी ९.१५

ओतकामवाले, तुमचं वाचून माझे उद्यमनगरातले दिवस आठवले. मीही डिप्लोमावाला. १९८९ साली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या एएमआयईला नाव घातलं. कॉलेज नाही, वर्ग नाही, मास्तर नाही. सेक्शन ए, सेक्शन बी, वर्षातून दोनदा परीक्षा. दिवसभर लेथवर आणि रात्री स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. पुस्तकाच्या पानांवर कूलंटचे डाग अजून आहेत. सुटायला नऊ वर्षं लागली. बरोबर बसलेल्या सातजणांपैकी आम्ही दोघेच पार झालो.

नाव काय होतं त्याला? काहीच नाही. निम्म्या लोकांना ते इन्शुरन्सचं काही वाटायचं. पण केंद्र सरकारनं बीईच्या बरोबरीचं मानलं होतं, त्या एका ओळीवर मी पुढं वर्क्स मॅनेजरपर्यंत गेलो.

आणि त्या एका ओळीची दुसरी बाजूही सांगतो. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ती मान्यता कायम राहिली. माझ्या पुतण्यानं त्यानंतर नाव घातलं. संस्था तीच, पण त्याचा कागद माझ्या कागदाच्या बरोबरीचा नाही. तेव्हा आधी मान्यता आणि तिची तारीख बघा, बोर्डावरचं नाव नंतर.

नुसतं_बघणारा | सोमवार, सकाळी ९.४०

काका, मग आयआयएमचं काय? तिथं तर डिप्लोमाच देत होते की! आणि त्या डिप्लोमावाल्यांच्या हाताखाली सगळे एमबीए.

जुना_एएमआयई | सोमवार, सकाळी १०.०२

खरं आहे. अहमदाबाद आणि कलकत्ता १९६१ ची, आणि डिग्री द्यायचा अधिकार आयआयएमना मिळाला तो २०१७ च्या कायद्यानं, लागू झाला ३१ जानेवारी २०१८ ला. तोवर पीजी डिप्लोमाच. पीएचडीलासुद्धा 'फेलो' म्हणायचे. पण तो डिप्लोमा दोन वर्षं तिथं राहून, कॅटच्या चाळणीतून जाऊन मिळायचा. नावाला भाव आला तो त्या चाळणीमुळं. शनिवार-रविवारच्या कोर्सला कसली चाळणी आहे? कार्ड स्वाइप होतंय का, तेवढीच.

टीपकागद | सोमवार, दुपारी १.३०

मी पुण्यात रिक्रूटमेंटला आहे, ऑटो कंपोनंटवाल्यांसाठीच माणसं शोधते. माहेर राजारामपुरीचं, म्हणून या धाग्यात नाक खुपसते.

आमच्याकडं अर्ज आला की पहिली खिडकी असते 'हायेस्ट क्वालिफिकेशन'. खाली तीनचार पर्याय. डिप्लोमा, ग्रॅज्युएट, पोस्ट ग्रॅज्युएट, डॉक्टरेट. तुम्ही आयआयटीचा कोर्स केलात तरी त्या खिडकीत 'डिप्लोमा'च निवडावं लागणार. आयआयटीचं नाव जाईल खालच्या मोकळ्या रकान्यात. आणि क्लायंटनं 'किमान ग्रॅज्युएट' सांगितलं असेल तर खालचा रकाना कुणी उघडतच नाही. चारशे अर्जांपैकी मी साठ वाचते. ही माझी लबाडी समजा किंवा कामाचा रेटा.

पण उलटंही तितकंच खरं, म्हणून लिहिते. एकदा ती खिडकी पार झाली की दोन ग्रॅज्युएटांमध्ये नाव चालतं. आणि भरपूर चालतं, विशेषतः पहिल्या नोकरीला. तुमच्या वरच्या चौकटीतला मुलगा त्याच्या कॉलेजच्या नावावर कॅम्पसमधून उचलला गेला असणार. चार वर्षांनी त्याला ते नाव पहिल्याइतकं उपयोगी पडत नाही आणि पंधरा वर्षांनी तर मी कॉलेज बघतही नाही, शेवटच्या दोन नोकऱ्या बघते. म्हणजे तुमच्या वयाला डिग्री कुठली हा प्रश्न जवळजवळ संपलेला आहे. आहे की नाही एवढाच उरलाय.

एक काम करा. तुमच्या कंपनीचं ग्रेड स्ट्रक्चर एचआरकडून लेखी मागा. तोंडी नको. प्लँट हेड काय म्हणतात त्याला प्रमोशन कमिटीत किंमत नसते.

चाळिशीपार | सोमवार, दुपारी ३.१०

सगळे डिग्रीच्या बाजूनं बोलायला लागलेत म्हणून माझं सांगतो. मी पार्ट टाइम डिग्री केली, पस्तिसाव्या वर्षी संपली. पेढे वाटले. साहेबांनी हात मिळवला. आणि काहीही झालं नाही. फाइलला मार्कशीट लागली, ग्रेड तीच. कारण त्या कंपनीत मी 'डिप्लोमावाला' म्हणून रुजू झालो होतो आणि तिथल्या लोकांच्या डोक्यातला तो शिक्का काही पुसला जात नव्हता. दोन वर्षं वाट बघून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दुसरीकडं गेलो. तिथं पहिल्या दिवसापासून इंजिनिअर. पगारात फरक पडला तो कंपनी बदलल्यामुळं, डिग्रीनं फक्त दार उघडलं.

तेव्हा डिग्री करून त्याच खुर्चीत बसणार असाल तर तीन वर्षांच्या संध्याकाळी घरी मुलीबरोबर घालवा. हे चेष्टेनं म्हणत नाही. माझा मुलगा त्या काळात पहिली ते चौथी झाला, त्याचं एक स्नेहसंमेलन मी बघितलेलं नाही.

कोयना_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९.२०

शिकायचंच असेल तर एक गोष्ट शंभरदा तपासा, माझ्यासारखं होऊ नये.

२००९ ला मी एका अभिमत विद्यापीठाचं पोस्टल बीटेक केलं. नाव मोठं वाटायचं, जाहिराती पेपरभर. लॅब म्हणजे वर्षातून एकदा एका भाड्याच्या हॉलमध्ये चार दिवस. डिग्री मिळाली, त्यावर प्रमोशनही मिळालं. मग ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पोस्टानं इंजिनिअरिंग शिकवता येत नाही. २००१ ते २००५ च्या मुलांना निदान परीक्षा देऊन डिग्री वाचवायची सोय दिली. आमच्यासारख्या नंतरच्यांची गेली.

ज्या दिवशी एचआरनं बोलावलं तो दिवस अजून आठवतो. टेबलावर माझीच मार्कशीट आणि बाईंना माझ्याकडं बघवत नव्हतं. मी परत डिप्लोमाच्या ग्रेडला. आता बायोडेटात ती सहा वर्षं काय लिहायची हा प्रश्न आहे.

फळा_खडू | सोमवार, रात्री १०.००

कोयना, वाईट वाटलं वाचून. ओतकामवाले घाबरू नयेत म्हणून फरक सांगते. मी जिल्ह्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते (तुमच्या चौदा किलोमीटरवालं नव्हे).

संध्याकाळचं बीटेक हे पोस्टल नाही. एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेनं, २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी वेगळ्या वेळेच्या वर्गांना मान्यता दिली आहे. वर्गात बसायचं, हजेरी, प्रॅक्टिकल, ओरल, सगळं. कॉलेजच्या मान्यतापत्रावर वर्किंग प्रोफेशनल्सच्या जागा वेगळ्या लिहिलेल्या असतात. त्या वर्षाचं पत्र कॉलेजला मागा, साइटवर असतंच. तुमच्या ब्रँचपुढं आकडा आहे का बघा. नसेल तर 'येईल, प्रोसेसमध्ये आहे' यावर पैसे भरू नका.

आता कटू भाग. डिप्लोमाची मुलं दुसऱ्या वर्षाला येतात, एम-वन आणि एम-टू हे पहिल्या वर्षाचे गणिताचे पेपर त्यांचे झालेले नसतात आणि थेट एम-थ्रीच्या विहिरीत पडतात. लाप्लास, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस. वर्गात पहिल्या तीन आठवड्यांत मला कळतं कोण टिकणार. कामावरची माणसं प्रॅक्टिकलला आम्हाला शिकवतात, थर्मो आणि मटेरियलला माना डोलावतात, आणि एम-थ्रीला बॅकलॉग घेऊन बसतात. १५ वर्षांनी इंटिग्रेशन हातात धरणार आहात, आत्तापासून सुरू करा.

आणि नाव मोठं की पातळी वरची, याचं माझ्या क्षेत्रातलं उदाहरण. कितीही नामांकित कॉलेजचा बीई असो, एमई किंवा एमटेक नसेल तर आमच्याकडं सहायक प्राध्यापक होता येत नाही, आणि दोन्हींपैकी एकात फर्स्ट क्लास लागतो. आमच्या स्टाफरूममध्ये आयआयटीत शिकलेलाही एक आहे आणि इथंच शिकलेले आम्ही बाकीचे. पगाराची स्लिप सारखीच.

आईसाहेब_७८ | मंगळवार, सकाळी ८.२०

मॅडम, तुम्ही आहातच तर विचारते. मुलीचं एमएस्सी केमिस्ट्री झालं. शिवाजी विद्यापीठात पीएचडीला गाईड मिळतात, आणि बाहेर एका मोठ्या संस्थेत प्रोजेक्टवर दोन वर्षांची जागा आहे. घरात दोन तट पडलेत.

फळा_खडू | मंगळवार, सकाळी ८.४५

ताई, याला वेगळा धागा काढा, इथं वाहून जाईल. थोडक्यात, प्राध्यापक व्हायचं असेल तर आधी नेट किंवा सेट. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाला पीएचडीची सक्ती नाही, नेट-सेट पुरे. आणि पीएचडीत विद्यापीठाच्या नावापेक्षा गाईडचं नाव बघतात. ते गाईड गेल्या पाच वर्षांत कुठं छापून आलेत आणि त्यांची आधीची मुलं आज कुठं आहेत, हे मुलीनं शोधावं. घरातल्या दोन्ही तटांनी नाही.

नेकार_काठ | मंगळवार, दुपारी २.१५

श्टुटगार्टहून. इथं व्हिसाला तुमचं कॉलेज कितव्या नंबरावर आहे हे कुणी विचारत नाही. अनाबिन नावाची सरकारी यादी आहे, त्यात संस्थेपुढं एच-प्लस, म्हणजे मान्यतेची खूण, आहे का आणि डिग्री इथल्या कुठल्या पातळीला बसते, एवढंच बघतात. दहा महिन्यांचं सर्टिफिकेट त्या यादीत शोधायचं तरी कुठं?

गंमत म्हणजे जर्मनीत विद्यापीठाचा 'डिप्लोम' हा मास्टर्सच्या तोडीचा. आमच्या इचलकरंजीच्या एका मित्रानं भोळेपणानं डीएमईचं भाषांतर 'डिप्लोम' करून घेतलं. मुलाखतीत समोरचा इतक्या आदरानं बोलायला लागला की याला घाम फुटला. मार्कशीट बघितल्यावर आदर गेला तो गेलाच.

बावडेकर | मंगळवार, रात्री ८.३०

म्हंजे कोल्हापुरात डिप्लोमा आणि तिकडं डिप्लोम. नुसता 'आ' कापला की पगार डबल. नाद खुळा!

ओतकामवाला | गुरुवार, रात्री ११.२०

सगळ्यांचे आभार. टीपकागद ताईंचं ऐकून एचआरला मेल केला. दोन दिवस उत्तर नाही, मग स्वतः जाऊन उभा राहिलो. बाईंनी स्क्रीन फिरवून दाखवली. डेप्युटी मॅनेजरच्या ग्रेडपुढं लिहिलंय, 'इंजिनिअरिंग पदवीधर, अनुभव आठ वर्षं; किंवा डिप्लोमा, अनुभव अठरा वर्षं'. सर्टिफिकेटचा शब्दही नाही कुठं.

आता घोळ बघा. माझी पंधरा झालीत. डिग्रीला तीन वर्षं लागतात, आणि नुसता बसून राहिलो तरी तीन वर्षांनी अठरा होतात. घरी हे सांगितलं तर बायको हसायलाच लागली. म्हणाली, मग शीक किंवा झोप, तारीख तीच आहे.

टीपकागद | गुरुवार, रात्री ११.४५

ती 'किंवा'नंतरची ओळ तुमच्या कंपनीच्या कुंपणाच्या आतच चालते, हे लक्षात असू द्या. उद्या मालक बदलला, कस्टमरनं नवी अट घातली, किंवा तुम्हालाच चाळिशीपार यांच्यासारखं बाहेर पडावंसं वाटलं, तर माझ्या खिडकीत पुन्हा 'डिप्लोमा'. आणि कमिटी अठरा वर्षांवाल्याला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू शकते. हे मी बघितलंय.

चाळिशीपार | शुक्रवार, सकाळी ७.१०

ताईंशी सहमत. मी आधी घरी बसा म्हटलं होतं ते त्याच खुर्चीत राहणार असाल तर. पण तुम्ही एचआरच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिलात. मला ते करायला दोन वर्षं लागली होती.

खतावणी | शुक्रवार, सकाळी ९.३०

पैशाचं बघा. बीटेकची तीन वर्षांची फी, पेट्रोल, परीक्षा फी असं सगळं एका कागदावर मांडा आणि सर्टिफिकेटच्या २,२४,२०० शेजारी ठेवा. फरक किती येतो ते इथं लिहिलं नाहीत तरी चालेल. फक्त बायकोला दाखवा.

ओतकामवाला | पुढच्या मंगळवारी, रात्री १०.१०

मांडलं. दाखवलं. बीटेकचा फॉर्म भरला.

कॉलेजचं एआयसीटीईचं पत्र बघितलं, मेकॅनिकलपुढं वर्किंग प्रोफेशनल्सच्या जागा लिहिलेल्या आहेत. एम-थ्रीचं पुस्तक जुन्या बाजारातून आणलं. आधीच्या मालकानं पहिल्या चाळीस पानांवर पेन्सिलनं गणितं सोडवलीत, पुढं सगळं कोरं. शुभशकुन की अपशकुन कळत नाही.

कॉलेजला कंपनीचं अनुभवपत्र आणि एनओसी लागते. एनओसीवर विभागप्रमुखाची सही. म्हणजे वरच्या चौकटीतल्या त्याच पोराची. दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरलो. शेवटी काल डबा खाताना पुढं केला. त्यानं पूर्ण वाचला, मग म्हणाला, "सर, एम-थ्रीला कोण आहे शिकवायला? मला लाप्लास येतं. तुम्ही मला वाळू शिकवा."

बावडेकर | रात्री १०.१८

सही केली का न्हाई ते सांग आधी.

ओतकामवाला | रात्री १०.२५

केली. तारीख टाकायला विसरला. उद्या परत जायला लागतंय.